अंगठ्याखालचा किल्ला

भिंगकाकांच्या बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट होतं आणि त्या कपाटात कप्पेच्या कप्पे किल्ले होते. कुठे नदीकाठचा, कुठे टेकडीवरचा, कुठे नुसताच पडका बुरूज आणि त्याच्या अंगाखांद्यावर चढलेली वेल. सगळे चांदीचे आणि सगळे इवलेसे. काडेपेटी मधोमध कापावी एवढ्याशा डब्या, त्यांच्या झाकणांवर हे किल्ले कोरलेले. पाहुणा आला की काका त्याच्या एका हातात पाण्याचा पेला देत आणि दुसऱ्या हातात भिंग. पाणी आधी प्यायचं की किल्ला आधी बघायचा, या घोटाळ्यात पाहुणा सापडला की काकांना बरं वाटे.

"तपकिरीची डबी का हो?" असं कुणी विचारलं की मात्र काकांचा चेहरा पडायचा.

"तपकीर? छे! वासडबी म्हणा. उघडा, उघडा. नख लावू नका, बोटाच्या पेरानं. हां."

झाकण उघडलं की आत सोन्याचा मुलामा आणि त्याखाली नाजूक जाळी, पानाफुलांची. जाळीखाली एवढासा स्पंज. दीड-दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत, रस्त्यांतून उघडी गटारं वाहत होती तेव्हा, माणसं सुगंधी सिरक्यात भिजवलेला तो स्पंज डबीत घालून जवळ बाळगत. घाण वास आला की डबी नाकाशी. सिरका चांदी खातो म्हणून आतून सोनं. आणि झाकणावर किल्ला का? तर लोक किल्ले बघायला जात, आणि आठवण म्हणून डबी घेऊन येत. हे सगळं काका असं सांगत की जणू कालच ते त्या गर्दीत उभे होते आणि कुणीतरी त्यांच्या पायावर पाय दिला होता.

काकांचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं. काचा घासायच्या, नंबर जुळवायचे, म्हाताऱ्यांना सुईत दोरा ओवून दाखवायला लावायचा. दुकान आता भाचीनं सांभाळलं होतं, पण दुकानातलं भिंग काकांच्या गळ्यातल्या दोरीला राहिलं ते राहिलंच. म्हणून ते भिंगकाका. आंघोळीलासुद्धा ते भिंग काढतात की नाही, याबद्दल त्यांचा मित्र घड्याळजी उघड उघड शंका घ्यायचा.

सगळे किल्ले दाखवून झाले, पाहुणा उठायच्या बेतात आला, की काका शेवटचा डाव टाकत.

"एवढे किल्ले उभे आहेत आमच्याकडे. पण आमच्या घरातला पहिला किल्ला मात्र पडला हो. तोफेनं नाही, सुरुंगानं नाही. बायकोनं पाडला. पॉलिश लावून!"

पाहुणे खो खो हसत. काकूही हसत, कपबशा गोळा करत म्हणत, "चला, एक तरी लढाई माझ्या नावावर लागली."

त्या पहिल्या डबीची गोष्ट अशी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. काका काचांची खरेदी करायला दूरच्या शहरात गेले होते, आणि जुन्या सामानाच्या एका दुकानात त्यांना ही डबी दिसली. दोन मनोरे, मध्ये कमान, खाली पाणी, पाण्यात एक नाव. तेव्हा त्यांना यातलं ओ का ठो कळत नव्हतं. काकूंना बसमध्ये मळमळायचं, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि ही वासाची डबी आहे एवढंच दुकानदारानं सांगितलं. आणली आणि दिली. काकूंनी सिरक्याचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं आणि स्पंजावर लवंगेचं तेल टाकलं. झालं. डबी त्यांच्या पर्समध्ये जी गेली ती तिथंच नांदली. काका खरेदीला गावोगाव हिंडत, मागे काकू कामं करता करता स्वतःशीच काहीतरी जुळवून गुणगुणत:

*एवढासा किल्ला माझ्या मुठीत मावला,*
*किल्ल्याचा धनी, बाई, दूर गावाला धावला.*

काकांच्या मनात मात्र त्या डबीनं घर केलं. पुढच्या खेपेला दुसरी आली, मग तिसरी. घड्याळजी म्हणायचा, "एका डबीनं घरात पाऊल टाकलं आणि मागोमाग तिचं अख्खं माहेर येऊन राहिलं."

यातलं कळायला लागल्यावर, बऱ्याच वर्षांनी, काकांनी एकदा काकूंची डबी मागून घेतली. उजेडात धरली, उलटीसुलटी केली. किल्ला नव्हता! उजवीकडच्या मनोऱ्याचा कळस तेवढा वरती शिल्लक, बाकी कमान नाही, पाणी नाही, नाव नाही. धुक्यात गडप व्हावं तसं सगळं गडप. त्याच आठवड्यात काकूंनी घरातले चांदीचे चमचे पांढरी पावडर लावून लखलखीत केले होते, ते समोरच वाळत पडले होते. काकांना आणखी पुरावा नको होता. या छंदात पॉलिशसारखं पाप नाही. एकेका घासणीबरोबर रेघ जाते, आणि गेलेली रेघ परत येत नाही.

"तू घासलीस ही?"

काकूंनी चमच्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्याच हातानं झालंय ते."

काका त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले, आणि महिन्याभरात त्या दुःखाचा विनोद झाला. डबी परत पर्समध्ये गेली. काकांनी तिच्याकडे पुन्हा धड पाहिलं नाही. दुखऱ्या दातावरून जीभ फिरवायचं टाळावं तसं टाळलं.

आणि आता काकूंच्या पित्ताशयात खडे निघाले.

"तुम्ही डब्या जमवल्यात, मी खडे जमवले," त्या डॉक्टरांच्या समोरच काकांना म्हणाल्या. "माझा संग्रह बघायला कुणी येत नाही एवढंच."

ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, पण वय आहे, रक्तदाब आहे, आपण जपून करू. त्यातलं "काळजीचं कारण नाही" काकूंनी ऐकलं आणि "पण"च्या पुढचं सगळं काकांनी. घरी येऊन ते कपाटासमोर बसले. सगळे किल्ले जागच्या जागी उभे होते, तटबंदीचा एक दगड इकडचा तिकडे नव्हता. आणि जिच्यामुळे हे सगळं राज्य उभं राहिलं, तिच्याच पर्समधला किल्ला तेवढा नाहीसा झालेला. काकांना वाटलं, आता पुरे. झालं गेलं माफ. ती शुद्धीवर येईल तेव्हा तिच्या हातात तिचा किल्ला ठेवायचा, दोन मनोऱ्यांसकट, नावेसकट.

असं मोठ्या मनानं माफ करून टाकल्यावर त्यांना स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

घड्याळजीकडे तशीच डबी होती, एका साच्यातून निघाल्यासारखी, झकास राहिलेली. त्यानं तिचा फोटो दिला, पण कुरकुरत दिला.

"नव्यानं कोरून घेणार? अरे, म्हणजे कलप लावलेले केस! कपाटात ठेवलीस तर मी तुझ्या घरचा चहा सोडेन."

"कपाटात कोण ठेवतंय? ती माझी नाहीच. तिची आहे."

"मग तिला विचारलंस?"

"विचारलं तर गंमत काय राहिली?"

यावर घड्याळजीनं फक्त कान खाजवला.

हॉस्पिटलच्या समोरच्या गल्लीत कोरणीताईचं दुकान होतं. दाराएवढं दुकान, आत कप, ढाली, दारावरच्या पाट्या, आणि खिडकीपाशी वाकलेली ताई. तिच्या हातातली कोरणी धातूवरून अशी चालायची की लोणी कापतेय की पितळ ते कळू नये. गावातल्या निम्म्या विजेत्यांची नावं तिच्या हातून गेली होती. स्वतः मात्र ती कधी कुठल्या शर्यतीत धावली नव्हती, असं ती सांगायची. काकांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी काकूंनी हातातल्या बांगड्या उतरवल्या, चष्मा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पर्स काकांच्या मांडीवर ठेवली.

"ही सांभाळा. आणि इथून हलू नका. मला बाहेर आणतील तेव्हा तुमचं तोंड दिसलं पाहिजे."

"मी कुठं जातोय?"

"तुमचं काही सांगता येत नाही. वाटेत जुन्या सामानाचं दुकान दिसलं म्हणजे संपलं."

काकांनी नाकानं जोरात श्वास घेतला, इकडे तिकडे पाहिलं. "काय गं, या हॉस्पिटलला वास कसा नाही? पूर्वी हॉस्पिटलांत लवंगेचा वास यायचा. मी आजारी होतो तेव्हा केवढा होता! आता सगळं फिनेल. जुनं काही ठेवलंच नाही यांनी."

काका म्हणत होते तो आजार फार जुना. छातीत पाणी झालं होतं, ताप उतरत नव्हता, कित्येक दिवस ते शुद्धीत असून नसल्यासारखे होते. त्या दिवसांतलं त्यांना दोनच गोष्टी आठवत: डोक्यावर संथ फिरणारा पंखा, आणि लवंगेचा वास. तेव्हापासून त्यांचा समज झाला होता की जंतू मारायला हॉस्पिटलात लवंग वापरतात. चारचौघांत ते तसं सांगतही असत.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, ओठ जरासे हलले. "असायचा खरा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि नर्सनं ढकलखुर्ची वळवली.

दार बंद झालं. काकांनी पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेली डबी काढली, आणि हलणार नाही म्हणून सांगितलेला माणूस जिना उतरून रस्ता ओलांडून गेला. लगेच परत यायचंय, मग ते हलणं थोडंच?

कोरणीताईनं डबी दिव्याखाली धरली, फिरवली, बोट लावून पाहिलं.

"कडा छान आहेत हो काका. आतले कारागिराचे शिक्केही कसे टवटवीत आहेत."

"हो ना. किल्ल्यावरच राग निघालाय सगळा."

"इथं मधे खोलगट झालंय. त्यावर रेघ बसायची नाही. आधी सगळं घासून सपाट करावं लागेल. आणि एकदा घासलं की आधीचं काही राहणार नाही, बघा बरं."

"राहिलंय काय त्यात आधीचं?" काका म्हणाले. "घास बिनधास्त."

"आधी हा पोहण्याचा कप पुरा करते, दुपारी बक्षीस समारंभ आहे त्यांचा. मग तुमचंच."

काका परत आले आणि बाकावर बसले. समोरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांचा भाऊ आत होता. बोलायला कुणीतरी हवंच होतं, दोघांनाही.

"तुमचं कोण?"

"आमची ही."

"होईल सगळं नीट," बाई म्हणाल्या, आणि काकांना जाणवलं की हे वाक्य त्यांनी काकांना कमी आणि स्वतःला जास्त सांगितलं.

वर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे पाहिलं की ते थांबायचं. काकांनी पाय हलवले, पर्सचा पट्टा सरळ केला, पुन्हा वाकडा केला. हाताला काही काम नव्हतं. शेवटी हात आपणहून गळ्यातल्या भिंगाकडे गेला आणि अंगठा भिंगाच्या कडेवरून फिरायला लागला. पुढे, मागे. पुढे, मागे. काकांना ते कळलंही नाही. दार उघडतंय का, पावलं वाजतात का, एवढंच कळत होतं.

"झिजेल हो ते," समोरच्या बाई म्हणाल्या.

"अं?"

"तुमचं भिंग. मला काय हसायचं कारण नाही म्हणा. हे बघा माझं." त्यांनी मूठ उघडली. मुठीत घराची किल्ली होती, जुनी, जड, पितळेची. "भाऊ आजारी पडला की मी हिलाच धरून बसते. कितीदा आत गेला आणि कितीदा बाहेर आला बिचारा. किल्लीवर कंपनीचं नाव होतं, ते कधी गेलं कळलंच नाही."

सवयीनंच काकांनी किल्ली घेतली आणि भिंग लावलं. कडा शाबूत होत्या. दाते शाबूत होते. फक्त मधोमध, जरासं तिरकं, एक गुळगुळीत खोलगट ठिकाण होतं. थेंब पडून सुकावा तसं. अंगठ्याएवढं.

काकांनी भिंग डोळ्यापासून दूर केलं. पुन्हा लावलं.

असं ठिकाण त्यांनी आजच कुठंतरी पाहिलं होतं. कोरणीताईच्या दिव्याखाली. तसंच तिरकं, डाव्या मनोऱ्यावरून पाण्याकडे उतरत गेलेलं. आणि कडा छान होत्या. शिक्के टवटवीत होते. पॉलिश करणारा हात सगळीकडून फिरतो. आधी कोपरे जातात, मग कडा, बिजागरीचे डोळे, मग चित्र. हे काकांनी पाहुण्यांना किती वेळा सांगितलं होतं! पॉलिशनं गेलेला किल्ला असा मधोमध बुडत नाही. जन्मभर लोकांना नीट बघायला लावलं, आणि घरातल्या पहिल्या किल्ल्याकडे एकदाही भिंगातून बघितलं नाही.

"बरं वाटत नाही का?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात नर्स दारातून डोकावली. काका असे उठले की पर्स मांडीवरून घसरली.

"चाललंय, चाललंय, सगळं छान चाललंय. बसा तुम्ही. बाईंचा चष्मा आहे ना तुमच्याकडे? बाहेर आणल्यावर लागेल, तयार ठेवा."

काकांनी चष्म्यासाठी पर्समध्ये हात घातला. कंगवा, गोळ्यांची पट्टी, भाजीच्या दुकानातली पिशवी, आणि तळाशी चष्म्याच्या शेजारी बोटभर उंचीची काचेची बाटली. बूच जरा सैल होतं. काकांनी ते काढलं मात्र...

पंखा. संथ फिरणारा पंखा. आणि अंगावर पांघरूण नीट करणारा एक हात, जो येतो आणि जातो, येतो आणि जातो, आणि येताना तो वास घेऊन येतो.

हॉस्पिटलला कसला वास! वास तिला होता. ताप चढायचा तेव्हा ती तिथं होती, आणि उतरायचा तेव्हाही तिथंच. मुठीत डबी, डबीवर अंगठा. आणि फक्त तेव्हाच का? खरेदीहून परतायला गाडी चुकायची तेव्हा. दुकान चालेना, काका चिडचिडे झाले होते, तेव्हा. लेक पहिल्यांदा एकटी परगावी गेली तेव्हा. किल्ला रोज थोडा थोडा तिच्या अंगठ्याखाली विरघळत गेला, आणि त्या किल्ल्याचे धनी खुशाल सुखरूप घरी येत राहिले.

"घास बिनधास्त," असं ते स्वतःच्या तोंडानं सांगून आले होते.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. कोरणीताईचा फोन खणात असतो, हातात कोरणी असली की ती देवाचासुद्धा फोन घेत नाही. पुन्हा लावला. वाजत राहिला.

काकांनी दाराकडे पाहिलं, मग जिन्याकडे. इथून हलू नका, ती म्हणाली होती. तोंड दिसलं पाहिजे, म्हणाली होती. आणि समोरच्या गल्लीत घासकागद तिच्या इतक्या वर्षांवरून फिरायला निघाला असणार.

"बाई," ते म्हणाले, "माझ्या बायकोची एक वस्तू... ती बाई घासून टाकणार आहे. म्हणजे मीच सांगितलंय. आता नको सांगायचंय."

बाईंना त्यातलं काही कळलं नसावं. पण चेहरा त्यांना कळला. "जा तुम्ही. मी बसलेच आहे. आणलं त्यांना तर मी उभी राहते पुढं. काय सांगू?"

"सांगा, किल्ल्यावर गेलेत. आलेच."

लिफ्ट कुठल्याशा मजल्यावर रुसून बसली होती. काका जिन्यानं निघाले. या वयात जिना उतरायचा म्हणजे एकेक पायरी मोजून-मापून उतरायचा, हा नियम त्यांनी वाटेतच सोडून दिला. दोन शिकाऊ डॉक्टर भिंतीला चिकटले. खाली झाडूवाली ओरडली, "ओ बाबा, ओलं आहे!" ओल्या फरशीवरून काका गेले ते नुसते गेले नाहीत, थोडे घसरत गेले, आणि त्यामुळे जरा लवकरच दारात पोचले. रस्त्यावर एका सायकलवाल्यानं त्यांच्याबद्दल काहीतरी बोलून घेतलं. त्यांनी त्याला हात जोडले आणि गल्लीत शिरले.

खिडकीपाशी ताई वाकलेली. लाकडी चापात डबी घट्ट धरलेली. पलीकडे पोहण्याचा कप पुसून तयार. अलीकडे घासकागदाची घडी.

"थांब! थांब, ताई!"

ताईनं हात उचलला, मगच मान वर केली. "ओरडू नका हो काका! हात हलला असता म्हणजे? काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?"

"घासलीस?"

"नाही अजून. चांदी किती कडक आहे ते बघायला आधी झेंडा कोरला, उजव्या मनोऱ्यावर. तिथं झिजलेलं नव्हतं. आता घासायलाच घेणार होते."

काकांचा जीव भांड्यात पडला आणि ते स्वतः स्टुलावर पडले. ताईनं काही न विचारता पाणी दिलं. मग चाप सैल करून डबी त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी खोलगट जागेवर आपला अंगठा ठेवून पाहिला. मावेना. जागा लहान होती, अंगठा मोठा. उगीच आडवा केला, तिरका केला. छे. ते घर दुसऱ्याचं होतं.

"हे पॉलिशनं गेलेलं नाही," ते म्हणाले. "हे तिनं... वाट बघून घालवलंय. माझी."

ताईनं हात पुसले. मग म्हणाली, "बरं झालं बाई, त्या पोहणाऱ्यांचा कप मधे आला. आणि झेंड्याचं काय करू? तो काही पुसता यायचा नाही."

"राहू दे. शोभतोय."

ते परत आले तेव्हा घामानं सदरा पाठीला चिकटला होता. समोरच्या बाई दारापाशीच उभ्या होत्या, दोन्ही हात कमरेवर, पहारेकऱ्यासारख्या. "नाही आणलं अजून. बसा. आधी श्वास घ्या, नाहीतर तुमच्यासाठीही खाट मागवावी लागेल."

काका बसले. या अनोळखी बाईंचे कसे आभार मानावेत ते त्यांना सुचेना. बाईंची किल्ली धावपळीत काकांच्याच खिशात राहिली होती; ती त्यांनी रुमालानं नीट पुसली आणि बाईंच्या हातात दिली. बाईंनी किल्ली घेतली आणि अंगठा जागेवर ठेवला.

मग दार उघडलं, आणि खाटेवर काकू आल्या. रंग उतरलेला, केस विस्कटलेले, डोळे अर्धवट उघडे. त्या डोळ्यांनी इकडे तिकडे शोधलं. काका वाकले, चष्मा त्यांच्या कानांवर अडकवला, हलकेच, गिऱ्हाइकाला पहिल्यांदा घालून दाखवायचे तसा.

"दिसतंय?"

"दिसतंय. तोंड दिसतंय." काकूंचा आवाज कोरडा झाला होता. "घाम कसला एवढा?"

"उकडतंय."

"पंखा तर चालू आहे."

काकांनी डबी त्यांच्या हातात ठेवली. काकूंची बोटं मिटली आणि अंगठा, संध्याकाळी गाय गोठ्याकडे वळावी तसा, आपल्या जागी जाऊन बसला. नेमका मावला, ना तसूभर इकडे, ना तसूभर तिकडे. काकांनी ते पाहिलं आणि चष्मा नसूनही चष्मा पुसल्यासारखं केलं.

"अगंबाई," काकू पुटपुटल्या. "कडेला टोचतंय काहीतरी."

"झेंडा आहे."

"झेंडा नव्हता इथं."

"आता लावलाय. किल्ल्याची मालकीण आत असली की लावतात."

काकूंनी डोळे मिटले. झोपल्या असं वाटून काका गप्प बसले. पण त्या झोपल्या नव्हत्या.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. अगं, एवढी वर्षं तू का नाही सांगितलंस? मी जगभर ते पॉलिशचं..."

"तुम्ही किती रंगवून सांगायचात. लोक हसायचे, घरात बरं वाटायचं." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "आणि खरं सांगायचं म्हणजे तुमचा तो ताप आठवायला लागला असता. मला तो कुणापुढं आठवायचा नव्हता. त्यापेक्षा पॉलिश परवडलं."

"किती वेळ धरून बसत होतीस गं..."

"मग? हाताला काहीतरी काम नको का?"

काकांनी पर्समधली बाटली उजेडात धरली. ते म्हणाले, "लवंगेचं तेल संपत आलंय. मोठी बाटली आणतो."

"आणा," काकू म्हणाल्या, आणि आता खरंच झोपल्या.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. समोरच्या बाईंचा भाऊ बाहेर आला होता आणि बोलतही होता, कुणावर तरी चिडून. बाई धावत सुटल्या. किल्ली बाकावर तशीच राहिली. ती विसरली गेली याचंच काकांना फार बरं वाटलं. ते मागोमाग गेले आणि बाईंच्या पर्सच्या कप्प्यात ती अलगद सोडून आले.

महिना होत आला. काकू हिंडूफिरू लागल्या. एका रविवारी घड्याळजी नव्या पाहुण्याला घेऊन आला. पाण्याचा पेला झाला, भिंग झालं, तपकीर झाली, गटारं झाली. पाहुणा उठायच्या बेतात आला तशी घड्याळजीनंच आठवण केली, "अरे, तो पडलेला किल्ला सांग की यांना!"

काका कपाट बंद करत होते. ते थांबले.

"पडला नाही तो," ते म्हणाले. "माझी ऐकण्यात चूक होती म्हण, बघण्यात म्हण. तो किल्ला उभा आहे. हे सगळे नुसते बघायचे किल्ले. आम्ही राहतो तो तिच्याकडे आहे."

"मग दाखवा ना," पाहुणा म्हणाला.

"तिला विचारावं लागेल. आणि भिंगातून दिसायचा नाही तुम्हाला."

घड्याळजीनं कान खाजवला, पण या वेळी चहा सोडण्याबद्दल तो काही बोलला नाही. उलट कप पुढे केला. आतून काकूंचा आवाज येत होता. भांडी वाजत होती, आणि त्या जुन्याच चालीवर काहीतरी नवं जुळवणं चाललं होतं, मुद्दाम बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात:

*एवढासा किल्ला माझ्या मुठीत मावला,*
*किल्ल्याचा धनी, बाई, जिन्याजिन्यानं धावला.*